चुरी मॅडमनी ओढलेलं घर

लतिका चुरी भाटपाड्यात पहिल्यांदा शिरली ती १९८६ साली, आणि शिरल्याशिरल्या तिची डाव्या पायातली चप्पल गटारात गेली. बाई नवी, नोकरी नवी, अंगावरची साडीही नवी. ओट्यांवर मासळी निवडत बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एकजण म्हणाली, "नगरपालिकेची मॅडम दिसते. आल्याआल्या चप्पल दक्षिना दिली." लतिकानं दुसरीही चप्पल काढून हातात घेतली आणि अनवाणीच पुढे चालू लागली. त्या एका गोष्टीनं बायकांचं हसू निम्म्यावर आलं.

भाटपाडा म्हणजे डहाणू गावाचं खाडीकडचं टोक. वस्ती सगळी मच्छीमारांची. घरं अशी खेटून उभी, की एका घरात फोडणी दिली की शेजारच्या घरात शिंक यायची. मधली गल्ली तर विचारूच नका. डोक्यावर पाटी घेतलेल्या दोन बाया समोरासमोर आल्या तर एकीनं कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं, हा तिथला कायदा. पाण्याचा नळ एकच, गल्लीच्या तोंडाशी. गटार म्हणाल तर पावसाळ्यात गल्ली हेच गटार. लतिका येण्याच्या आदल्या वर्षी एका अडलेल्या बाईला खाटेवर घालून बाहेर काढताना खाट गल्लीत अडकली होती. शेवटी चार पुरुषांनी तिला हातांवर उचलून नेलं. बाई वाचली, बाळ काही वाचलं नाही. भाटपाड्यात ही गोष्ट कुणी मोठ्यानं सांगत नसे, पण लतिकाला ती पहिल्याच आठवड्यात तीन वेगवेगळ्या ओट्यांवर कळली.

ही लतिका मूळची जवळच्या चिखले गावची. घरची चिकूची वाडी होती, पण वडील भावांत धाकटे, त्यांनी रेल्वेत नोकरी धरली आणि पोरगी डहाणू रोडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढली. वडिलांची बदली झाली की घर आवरायचं, ट्रंका भरायच्या, नव्या गावी नव्या क्वार्टरमध्ये तीच ट्रंक त्याच कोपऱ्यात ठेवायची. दोनदा बलसाडकडे जाऊन हे कुटुंब परत डहाणूला आलं. त्यामुळे पोरीला मराठीइतकीच गुजराती यायची, आणि घर म्हणजे चार भिंती नव्हेत हे तिला फार लहानपणी कळलं होतं. मुंबईला सिव्हिल इंजिनिअरिंग केलं, पुण्याला नगररचनेचा अभ्यास केला. बरोबरची मुलं मोठमोठ्या कंपन्यांत गेली. ही आली नगरपालिकेत, पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून दगड ठेवावे लागतात अशा ऑफिसात. आईनं कपाळाला हात लावला. वडील एवढंच म्हणाले, "आपली बदली तरी होणार नाही."

तिचे वरिष्ठ जानीसाहेब. माणूस उमरगावचा, स्वभावानं भला आणि सहीच्या बाबतीत भित्रा. त्यांना वाटलं होतं की नवी पोरगी टेबलाशी बसून नकाशे काढील. पण लतिकानं पहिलं वर्षभर कागदाला पेन्सिल लावली नाही. रोज सकाळी टेप घेऊन भाटपाड्यात जायची आणि घरं मोजण्याआधी घरात बसायची. कोण कुठं झोपतं, पाहुणा आला तर कोण ओट्यावर जातं, जाळी कुठं दुरुस्त होतात, बोंबील कुठं सुकतात, सगळं तिनं बघितलं. जानीसाहेब चिडवायचे, "लतिकाबेन, तुम्ही सर्वे करता की सोयरीक जमवता?" ती म्हणायची, "साहेब, सोयरीक जमल्याशिवाय सर्व्हे खरा येत नाही."

आणि मग तिनं नकाशा काढला तो जमिनीवर. हे मी ऐकीव सांगत नाही, डहाणूत त्या दिवशी जो जो खाडीकडे गेला त्यानं ते पाहिलं आहे. ओहोटीला खाडीकाठची वाळू उघडी पडली तशी तिनं चुन्याच्या फक्कीची पोती मागवली आणि पांढऱ्या रेघांनी अख्खा नवा भाटपाडा वाळूवर आखला. खऱ्या मापाचा! गल्ली जेवढी रुंद होणार तेवढी रुंद, चौक जेवढा तेवढा, नळ जिथं येणार तिथं दगड. लोकांना म्हणाली, "चाला आता. कुठं अडतं ते सांगा." बायका रिकाम्या पाट्या डोक्यावर घेऊन वाळूतल्या गल्लीतून समोरासमोर चालल्या आणि एकमेकींना न धडकता गेल्या. एका म्हाताऱ्यानं आपल्या न बांधलेल्या ओट्यावर बसून विडी ओढली. चार जणांनी एक खाट आणली, तीही काही न बोलता, आणि ती खाट या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ नेली. मग भरती आली आणि नवा भाटपाडा पाण्याखाली गेला, पण तोवर तो ज्याच्या त्याच्या पायांना पाठ झाला होता.

गल्लीतल्या प्रत्येकानं आपला ओटा थोडा मागे घ्यायचा, कुणी न्हाणी सरकवायची, कुणी पडवी सोडायची. एवढ्यात सगळं बसत होतं. योजना मंजूर झाली. १९८८ च्या दिवाळीनंतर कामाचा नारळ फुटायचा होता. सगळा पाडा जमला होता. तिथं महादेव तांडेल उभा राहिला. हा पाड्यातला सगळ्यात मोठ्या होडीचा तांडेल. बोलायला कमी, पण बोलला की पाडा ऐके. त्यानं विचारलं, "मॅडम, एकच सांगा. कुनाचा घर मोडनार काय?"

लतिका म्हणाली, "एकही घर मोडणार नाही. माझा शब्द."

जानीसाहेबांनी मागून खाकरून पाहिलं, पण शब्द तोंडातून गेला होता. बायकांनी तिच्याच हातात नारळ दिला. आता नारळ फोडायचा तर दगड हवा. गल्लीत माणसंच माणसं. तिनं जवळचा दगड बघितला आणि फाडकन नारळ फोडला, तो नेमका एका घराच्या कोपऱ्याच्या दगडावर. अख्खा पाडा खो खो हसत सुटला. लतिकाला कळेना काय चुकलं. महादेव हसू दाबत म्हणाला, "आमच्यात नारल असा फोडतात होडीवर, मॅडम. नि नारल फोडलेली होडी मग जाग्यावर रवत नाय."

ते घर होतं रखमाबाईचं. रखमाबाई दारात आली. साठीची, काटक, एकटी राहणारी विधवा. एकुलती मुलगी घोलवडला दिलेली. जिभेला हाड नाही अशी तिची ख्याती. ती कडाडली, "माज्या घराला कुटं धाडाया निघालीस गो? दर्यात?" पुन्हा हसू उसळलं. लतिकानं कान पकडले. नारळाचं पाणी मात्र कोपऱ्याच्या दगडावरून गल्लीत वाहत राहिलं.

काम सुरू झालं आणि दोन महिन्यांतच लतिकाच्या पायाखालची वाळू सरकली. रखमाबाईनं वर्षभरात तिला घरात कधी मोजू दिलं नव्हतं. बाहेरून पाहिलं तर घराचा गल्लीकडचा भाग पडवीसारखा दिसे, उतरतं छप्पर, ठेंगणी भिंत. लतिकानं नकाशात पडवी लिहिली. पडवी सोडली की गल्ली सरळ. पण त्या दिवशी रखमाबाई बाजारात गेली असताना उघड्या दारातून तिला आतला खांब दिसला, आणि ती वाकून त्याच्या तळापासून आढ्यापर्यंत नजर नेत गेली. ती पडवी नव्हती. ते घरच होतं. घराचा मुख्य खांब आणि आढ्याचा सारा भार त्या भागावर होता. तो भाग काढायचा म्हणजे घर मोडायचं, आणि तो ठेवायचा म्हणजे गल्ली तिथंच चिंचोळी राहणार, पाण्याचा पाइप जाणार नाही, खाट जाणार नाही. अख्ख्या पाड्यानं ओटे मागे घेतलेले, आणि सगळं अडलं ते एका घरापाशी. चूक कुणाची? तिची. ती कुणावर ढकलायची सोय नव्हती.

जानीसाहेब म्हणाले, "मी सांगत होतो, शब्द देऊ नका. आता नोटीस काढा. मोडू, नवं बांधून देऊ. मार्चअखेर काम पुढे गेलं नाही, तर योजनेचा पैसा परत जाईल. मग बाकीच्यांना तोंड काय दाखवणार?"

म्हणणं काही चुकीचं नव्हतं. लतिका रखमाबाईकडे गेली. घर मोडून, मागे, पक्कं बांधून देऊ म्हणाली. रखमाबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मग ती म्हणाली, "बस. तुना एक सांगते."

रखमाबाईचं माहेर तलासरीकडच्या किनाऱ्यावर. ती लहान असताना कसलासा बंधारा होणार होता. साहेब आले. गोड बोलले. म्हणाले, घरं मोडा, कौलं नीट रचून ठेवा, पावसाच्या आत नवी घरं देतो. तिच्या बापानं स्वतःच्या हातानं कौलं उतरवली, एकेक पुसून रचली. पाऊस आला. साहेब आले नाहीत. बंधाराही झाला नाही. बाप ताडपत्रीखाली राहता राहता वारला, आणि ती रचलेली कौलं मग लोकांनी एकेक करून नेली.

"मोडलेला घर पुन्ना उभा रवत नाय, पोरी. मी माज्या डोल्यांनी बघितलाय. तू चांगली हायस. तो साहेबपन चांगलाच होता."

लतिका तिथून उठली आणि खाडीवर जाऊन बसली. तिला रडू येत होतं आणि रडायची लाजही वाटत होती. नोटीस काढली तर काम होईल, गल्ली होईल, पाणी येईल. पण तिनं भर सभेत दिलेला शब्द जाईल, आणि त्या शब्दाबरोबर रखमाबाई पुन्हा एकदा ताडपत्रीखाली जाईल.

समोर महादेव तांडेलाची होडी डागडुजीसाठी किनाऱ्यावर चढत होती. एवढं मोठं धूड! खाली ओंडके, दोन्ही अंगांना दोर, पन्नास-साठ माणसं. महादेवनं हाळी दिली, सगळ्यांनी एका दमात ओढलं आणि होडी वाळूवरून हातभर वर आली. पुन्हा हाळी, पुन्हा हातभर. लतिकानं हे लहानपणापासून शेकडो वेळा बघितलं होतं. त्या दिवशी बघता बघता ती उठून उभी राहिली. नारळ फोडलेली होडी जागेवर राहत नाही म्हणून पाडा हसला होता ना? मग न राहू दे! रखमाबाईचं घर लाकडी सांगाड्याचं होतं. सागाचे खांब, वर तुळया, कारवीच्या कुडाच्या हलक्या भिंती. आणि खांब जमिनीत पुरलेले नव्हते, दगडांवर नुसते टेकलेले होते, हे तिनं तो खांब पाहताना हेरलं होतं.

होडी टेकल्यावर तिनं महादेवला गाठलं. "महादेवभाऊ, घर ओढता येईल का?"

महादेव आधी हसला. मग तिच्याकडे पाहून थांबला. मग किनाऱ्यावर उकिडवा बसला आणि वाळूत बोट फिरवू लागला. "होडीला तळ असतो," तो म्हणाला. "घराला तळ नसतो."

"तळ आपण बांधू," लतिका म्हणाली. "खांबांच्या पायांना चारी बाजूंनी जाड वासे आवळून बांधायचे. आत तिरपे दोर ताणायचे, म्हणजे चौकट वाकणार नाही. कौलं उतरवून वजन कमी करायचं. वजन किती भरेल ते मी काढते."

"नि मी दोर बगतो," महादेव म्हणाला.

त्या दिवसापासून ही दोघं नवरीच्या बापासारखी धावू लागली. लतिकानं रात्रंदिवस गणितं केली, बागेत काड्यांचं घर करून ते ओढून पाहिलं. महादेवनं दोर तपासले, ओंडके निवडले. जानीसाहेब ऐकून खुर्चीतून उठले. "लतिकाबेन, आपण नगरपालिका चालवतो की सर्कस?" तिनं गणित पुढे ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचलं. "हिशेब तर बरोबर आहे," ते हताशपणे म्हणाले, जणू चुकलेला असता तर फार बरं झालं असतं.

राहिली रखमाबाई. लतिकानं तिला सांगितलं, "मावशी, घर मोडायचं नाही. आहे तसं मागं ओढायचं, तुमच्या बोंबील सुकवायच्या अंगणात. आठ फूट." बोंबील सुकवायला खाडीकाठी मोकळी जागा ठरली होतीच.

रखमाबाई म्हणाली, "नि मी कुटं?"

"तुम्ही बाहेर, लांब उभ्या राहा."

"मग नको. रिकामा घर नि थंड चूल म्हंजे मोडलेलाच घर. घर हालेल तवा मी घरात पायजे. नि चूल पेटती पायजे."

कुडाचं घर, हलती जमीन, आत विस्तव, आत म्हातारी! शिवाय खरी अडचण अशी की चूल जमिनीत लिंपलेली. घर सरकेल आणि चूल जागीच राहील. पण हे महादेवला सांगितलं तेव्हा तो नुसता खांदे उडवून म्हणाला, "त्यात काय? होडीवर आमी लाटांत भात शिजवतो." होडीवर मातीनं भरलेल्या लाकडी पेटीत चूल असते. तशी एक पेटी आणून ती घराच्या तळाला, मधोमध, वाशांना आवळून बांधली. शेजारी एक फळी रखमाबाईला बसायला. चुलीतला विस्तव या नव्या चुलीत गेला. लग्न होऊन या घरात आल्यापासून रखमाबाईनं तो राखेखाली राखून ठेवला होता. महादेवनं पाण्याच्या दोन कळशाही तिच्या हाताशी ठेवल्या. लतिकानं त्या चार केल्या.

दिवस ठरला होळीच्या दोन दिवस आधीचा. होळीला सगळ्या होड्या घरी येतात, एकही पुरुष दर्यावर राहत नाही. त्या सकाळी नुसता भाटपाडाच काय, अर्धं डहाणू गाव खाडीवर लोटलं होतं. बाजारपेठेतले व्यापारी दुकानं अर्धी लावून आले. कैनाडहून भाजी घेऊन आलेले शेतकरी पाट्या खाली ठेवून उभे राहिले. कौलं उतरवून झाली होती. कुडाच्या भिंती तळाशी जमिनीपासून मोकळ्या केल्या होत्या. मागे नवं दगडी जोतं तयार होतं, पहारींनी घर जरा उचलून तळाखालून तिथवर ओंडक्यांची वाट घातलेली. ओंडक्यांना माशाचं तेल चोपडलेलं, त्या वासानं मांजरं वेडी झालेली. मागच्या बाजूनं ओढायला शंभरावर माणसं, पुढच्या बाजूनं घर अचानक सुटू नये म्हणून धरायला पन्नासेक. जानीसाहेब "मी फक्त बघतो" म्हणून आले, मग "फक्त हात लावतो" म्हणून पुढच्या दोराला लागले.

महादेव जोत्यावर उभा राहिला. लतिका घराच्या कोपऱ्याशी, हातात घर सरळ आहे का ते दाखवणारा ओळंबा. आत फळीवर रखमाबाई, कपाळभर भस्म लावून, चुलीवर चहाचं भांडं ठेवून.

महादेवनं हाळी दिली. शंभर माणसांनी दम धरला. दोर ताणले, घर हललं नाही. दुसरी हाळी. तुळईतून एक लांब कण्हणं निघालं, आणि बायकांनी देवाची नावं घेतली. तिसऱ्या हाळीला घर हललं.

घर हललं! आजही डहाणूतली जुनी माणसं हे सांगताना मध्येच थांबतात. होडी हलते ते कुणाला नवल नाही, बैलगाडी हलते, आगगाडी हलते. पण दार, खिडकी, आढं, दाराशी लटकलेलं तोरण, आत पेटलेली चूल, हे सगळं मिळून जमिनीवरून एक हात मागे गेलं. एका व्यापाऱ्यानं नकळत हात जोडले. हिशेब लतिकाचा होता, आणि तरी समोर जे घडत होतं ते आपल्या हिशेबातून निघालं आहे यावर तिचा विश्वास बसेना.

अर्ध्या वाटेवर गल्लीकडच्या कोपऱ्याखालचा एक ओंडका तडकला. घर त्या बाजूला कललं. पुढच्या दोरावरच्या माणसांचे पाय वाळूत रुतले, जानीसाहेबांचा चष्मा उडाला. लतिका ओरडली, "धरा! कुणी ओढू नका!" आणि तेवढ्यात आतून रखमाबाईचा आवाज आला, "अरे सरल धरा ना, चाय सांडली!"

त्या तणावातही हसू फुटलं, आणि हसता हसता माणसांचे हात घट्ट झाले. चौघांनी पहारी लावल्या, लतिकानं ओळंब्याकडे बघत बोटाच्या खुणेनं कोपरा वर घेतला, नवा ओंडका आत सरकला. महादेवनं घाम पुसून पुन्हा हाळी दिली. ऊन डोक्यावर यायच्या आत रखमाबाईचं घर नव्या जोत्यावर बसलं. एकही खांब वाकला नव्हता. जिथं घर होतं तिथं आता लख्ख उजेड पडला होता, आणि गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं तर थेट खाडीचं पाणी दिसत होतं. ते तिथून कुणी कधीच पाहिलं नव्हतं.

रखमाबाई बाहेर आली. तिनं घराला एक फेरी घातली, खांबांना हात लावून पाहिलं. सगळ्यांना वाटलं आता रडेल. ती जानीसाहेबांपुढे गेली, त्यांचे फोड आलेले तळहात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाली, "हलद लावा." मग आत जाऊन तिनं उरलेला चहा सगळ्यांना पुरवायचा प्रयत्न केला. तो अर्थातच पुरला नाही.

मार्च संपायच्या आत गल्ली खोदली गेली, पाइप टाकले गेले. त्या पावसाळ्यात गल्लीतलं पाणी गटारातून गेलं, लोकांच्या घरांतून नाही. पुढे नव्वदच्या दशकात लतिकानं खूप कामं केली. मासळीबाजाराला ओटे आणि छप्पर दिलं, रानशेतहून येणाऱ्या लाकूडफाट्याच्या बायकांना बसायला सावली केली, जुन्या बाजारपेठेतल्या दुकानदारांना एकेक पायरी मागे घ्यायला लावली. व्यापारी काही सोपे नव्हते, पण ती बाजारपेठेत टेप घेऊन आली की कुणीतरी म्हणे, "लतिकाबेन, मोडू नका. ओढा!" आणि सगळी पेठ हसे. जानीसाहेब निवृत्त झाले तेव्हा भाषणात बोलायला उभे राहिले आणि फक्त आपले तळहात दाखवून खाली बसले. हे सगळं खरंच. पण लतिकाला विचाराल की आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस कोणता, तर ती घर ओढल्याचा दिवस सांगणार नाही. त्याच्या पुढच्या वर्षीचा एक दिवस सांगेल.

१९९० ची होळी होऊन गेली होती. सकाळी ऑफिसला निघताना महादेव दारात उभा. म्हणाला, "मॅडम, रखमाकाकीनं बलावलाय. आत्ताच." चेहऱ्यावरून काही कळेना. लतिका सायकल टाकून धावत सुटली. घर खचलं? भिंत पडली? वाटेत तिनं मनातल्या मनात सगळे खांब पुन्हा तपासले.

ती नव्या गल्लीतून धापा टाकत आली आणि जागीच थांबली. रखमाबाईच्या घरावर छप्परच नव्हतं. आढं उघडं, वासे उघडे, आत सरळ ऊन पडलेलं. सगळी कौलं उतरवलेली होती. एकेक पुसून, अंगणात, भिंतीला टेकून नीट रचून ठेवलेली. आणि रखमाबाई उघड्या आभाळाखाली ओट्यावर पाय सोडून बसली होती.

"मावशी! काय झालं? कुणी उतरवली कौलं?"

"मी उतरवलीव. महादेवाच्या मानसांनी हात दिला," रखमाबाई म्हणाली. "मागच्या भिंतीला वालवी लागलीय. कुड सगला खाल्लान. तू तवा म्हनालेलीस ना, पक्का बांदून देते म्हनून?"

कागद नव्हता. मंजुरी नव्हती. कोणती योजना, कुठून विटा, कसलाच पत्ता नव्हता. पावसाला अडीच महिने उरले होते. बापानं रचलेली कौलं लोकांनी नेलेली जिनं पाहिली, त्या बाईनं स्वतःच्या हातानं डोक्यावरचं छप्पर काढून ठेवलं होतं, आणि ते काढण्याआधी विचारलंही नव्हतं.

"असं न विचारता उतरवलंत?" एवढंच लतिका म्हणू शकली. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ते तिनं पुसलेही नाहीत.

"तुना काय विचारायचा?" रखमाबाई म्हणाली. "मोड आता. बगत काय बसलीस?"

लतिकानं महादेवबरोबर जानीसाहेबांना निरोप धाडला, की मी आज ऑफिसला येत नाही, आणि विटांचं बघायला तुम्हीच या. मग तिनं पदर खोचला, आणि पहिला वासा खाली घ्यायला हात वर केले.